टँकरवाले किसनतात्या

किसनतात्या टँकरमधून कधी सरळ उतरले नाहीत. शिडीवरून उतरावं तसं तोंड स्टिअरिंगकडं आणि पाठ लोकांकडं करून, पायानं जमीन चाचपत उतरायचे. उतरल्यावर आधी डोक्याचा पटका सारखा करायचे, मग मिशीवरून बोट फिरवायचे आणि त्यानंतरच वळून बघायचे. तोवर घागरींच्या रांगेत बायकांची भांडणं ऐन रंगात आलेली असायची. तात्या वळले की आवाज खाली यायचा. त्या माळावर पाणी आणणाऱ्या माणसाला जो मान होता तो सरपंचालाही नव्हता, आणि तात्यांना हे पक्कं ठाऊक होतं. तो मान अंगावर मिरवत ते जरा छाती काढूनच चालायचे.

मी मूळची रहिमतपूरची. परसात आड, आडाला बारा महिने पाणी, अशा घरात वाढलेली. नर्स म्हणून पहिली नेमणूक झाली ती म्हसवडच्या पलीकडं, माणदेशातल्या एका उपकेंद्रात. भोवती विखुरलेल्या वस्त्या, बाभळी, आणि वरून नुसतेच निघून जाणारे ढग. पावसाळ्यातही तिथं टँकर चालायचा. प्रत्येक घरापुढं पाणी साठवायची टिपाडं, एखादा रांजण, जमलं तर सिमेंटचा हौद. पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून जुनं पाणी तळाशी ठेवून त्यावरच नवं भरून घ्यायचे. डासांची पैदास व्हायची ती त्या तळच्या पाण्यात.

हिवताप यायचा मात्र बाहेरून. तिथली बरीच धनगर कुटुंबं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. परतताना कुणी ना कुणी ताप घेऊन यायचं. डास त्याला चावायचा, मग शेजाऱ्याला, आणि बघता बघता अख्खी वस्ती हुडहुडायला लागायची.

मला शिकवलेलं होतं की आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळायचा. सगळी भांडी रिकामी करून, घासून, उन्हात पालथी घालायची. गेल्या गेल्या पहिल्याच वस्तीवर टिपाडांपुढं उभं राहून मी ते सांगितलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ठकूबाई नावाची एक विधवा पुढं आली. अंगानं काडी, पण तिच्या आवाजाला कुत्रीसुद्धा बिचकायची.

“बाई,” ती म्हणाली, “हितं रोजच कोरडा दिवस असतुया. तुमी ओला दिवस कवा हाय त्येवढं सांगा.”

बाकीच्या सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते टँकरला टेकून उभे असलेले तात्या. किसनतात्यांची आणि माझी ही पहिली भेट.

“आवं बाई,” हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “पानी वता म्हनून सांगायला लय धाडस लागतंय. तुमच्याकडं हाय. पर उपेग न्हाई.”

तात्या स्वतः धनगराच्या घरातले. दोघे भाऊ अजून मेंढरांमागं होते. तात्यांना लहानपणापासून चाकाचा नाद. आधी उसाच्या ट्रॅक्टरवर, मग सांगलीजवळ कुपवाडच्या कारखान्यांचा माल नेणाऱ्या ट्रकवर, आणि उतारवयात गावाजवळ हवं म्हणून टँकरवर. बोलायला बसले की थांबायचे नाहीत. सांगताना गोष्ट जरा फुगवायचे आणि आपण फुगवतोय हे ऐकणाऱ्याला कळलंय, हेही त्यांना कळायचं. बाई असो की बुवा, सगळ्यांना ‘गड्या’ म्हणायचे. फक्त मला ‘बाई’. सुपारी सतत तोंडात. आणि एक खोड अशी की कुणाच्या घरी पाणी पुढं केलं तर तांब्यात डोकावल्याशिवाय ओठाला लावायचे नाहीत.

ही शेवटची खोड मात्र जन्मजात नव्हती. ती त्यांना मी आले त्या पावसाळ्यात लागली.

एका दुपारी टँकर रस्त्याच्या कडेला उभा दिसला आणि तात्या कुठं दिसेनात. मी स्कूटर थांबवली. तर हा धिप्पाड माणूस उन्हानं तापलेल्या खडकाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. दात वाजत होते. अंगावर केबिनमधलं घोंगडं, वर ऊन, तरी थंडी जाईना.

“बाई,” ते म्हणाले, “स्टेरिंग हातात ऱ्हाईना. म्हनलं कुनाच्या घरावर घालन्यापरीस उतरलेलं बरं.”

मी तिथंच बोटाला सुई टोचून रक्ताचा नमुना घेतला. हिवतापच निघाला. गोळ्या दिल्या, दोन आठवडे न चुकता घ्यायच्या म्हणून बजावलं. तीन-चार दिवसांत ताप उतरला आणि तात्यांनी गोळ्या बंद केल्या. उरलेल्या त्यांनी टाकून दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी त्या जपून ठेवल्या आणि टँकर फिरेल तिथं ज्याचं डोकं दुखेल त्याला एकेक वाटली. हे मला ठकूबाईनं सांगितलं, आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं.

महिन्याभरात तात्यांचा ताप उलटला, आणि पहिल्यापेक्षा जोरात. या खेपेला त्यांच्या बायकोनं, पारूकाकूंनी, गोळ्या स्वतःच्या कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि रोज समोर उभं राहून गिळायला लावल्या. अंथरुणात पडल्या पडल्या तात्यांना पहिल्यांदा वेळ मिळाला, तेव्हा त्यांनी मला विचारलं, “ह्यो डास नेमका येतुया कुटनं?”

मी त्यांच्याच अंगणातल्या टिपाडातलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घेऊन दाखवलं. पाण्याच्या वरच्या थराशी बारीक बारीक अळ्या आडव्या पडल्या होत्या. वाडगा हलवला की खाली पळायच्या, थोड्या वेळानं पुन्हा वर यायच्या. तात्या बराच वेळ बघत बसले.

“म्हंजी म्याच आनलेलं पानी,” ते हळू म्हणाले. नंतर दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. पारूकाकू घाबरून मला बोलवायला आल्या, कारण तात्यांचं गप्प बसणं हेच त्यांना दुखणं वाटलं.

बरे होऊन कामावर आले त्या दिवशी तात्या नेहमीसारखे पाठमोरे उतरले, पटका सारखा केला, मिशीवरून बोट फिरवलं आणि पाइप लावायच्या आधी पहिल्या टिपाडात वाकून बघितलं. मग दुसऱ्यात, तिसऱ्यात.

“आजपासनं घासल्याबिगार पानी न्हाई,” ते म्हणाले.

वस्ती हबकली. मी त्या दिवशी तिथंच होते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तात्या, लोकांचं पाणी अडवायचं नाही, ते आपल्या हातात नाही आणि बरोबरही नाही. ते ऐकायच्या तयारीत नव्हते. तेवढ्यात ठकूबाई येऊन टँकरच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसली.

“घाल माझ्या अंगावरनं,” ती म्हणाली. “माजी कंबर मोडल्याली. म्या टिपाड पालतं करू कशी? तरण्याताठ्यांनी घासायचं आन म्हातारीनं तान्हेलं मरायचं, ह्यो तुजा न्याय?”

तात्यांची छाती खाली आली. त्यांनी पटका काढून केबिनमध्ये ठेवला, धोतर खोचलं, ठकूबाईचं टिपाड आडवं केलं आणि राख आणि नारळाची शेंडी घेऊन कमरेपर्यंत आत शिरले. आतून त्यांचा आवाज घुमत येत होता, “आगं, हितं काय काय साटीवलंय तू? ह्यी चप्पल कुनाची?” तळचं गढूळ पाणी त्यांनी वाया घालवलं नाही. फडक्यानं गाळून शेरडांच्या डोणीत ओतलं. बाहेर आले तेव्हा मिशी राखेनं पांढरी झाली होती. ठकूबाई हसायला लागली. तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवसानंतर ‘पानी न्हाई’ ही भाषा संपली. तात्यांनी दुसरी रीत काढली. टँकर वस्तीच्या अलीकडच्या चढावर आला की ते लांब हॉर्न वाजवायचे. हॉर्न ऐकला की टिपाडं आडवी करायची, ज्याला जमत नाही त्याचं शेजाऱ्यानं घासायचं. पाणी येणार हे नक्की असल्यावर तळचं पाणी काढायची भीती लोकांना उरली नाही. तळचं जनावरांना, नवं घासलेल्या भांड्यात, वर जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधायचं. शिकवलेला कोरडा दिवस मला तिथं कधीच पाळून घेता आला नसता. आमचा कोरडा दिवस म्हणजे टँकरचा दिवस झाला. आणि घासलंय की नाही हे बघायला ठकूबाई काठी घेऊन फिरायची. तिला कुणी नेमलं नव्हतं. तिनंच स्वतःला नेमलं होतं.

“पानी झोपू दिऊ नगा,” तात्या सगळ्यांना सांगायचे. “पानी झोपलं की डास जागा व्हतो.”

टिपाडं घासता येत होती, हौद कसे घासणार? त्यासाठी आरोग्य केंद्रात गप्पी मासे पाळलेले होते. करंगळीच्या पेराएवढे मासे, डासांच्या अळ्या खातात. तात्यांना ते भलतेच आवडले. गप्पी म्हणजे गप्पा मारायला आलेल्या पाहुण्या, म्हणून ते त्यांना ‘सोयऱ्या’ म्हणायचे. टँकरच्या केबिनमध्ये सिद्धनाथाच्या फोटोशेजारी प्लॅस्टिकच्या बरणीत त्यांनी चार सोयऱ्या ठेवल्या आणि वस्तीवस्तीवर दाखवत फिरायला लागले. एकदा तर उत्साहाच्या भरात त्यांनी मूठभर मासे थेट टँकरमध्ये सोडले. पाण्याबरोबर घरोघर मासे पोचतील, वेगळी फेरी नको, असा हिशोब. मासे पाइपमधून निम्मे मेलेले आणि निम्मे घाबरलेले बाहेर पडले. कुणाच्या हंड्यात, कुणाच्या कळशीत. एका नव्या सुनेनं कळशी तिथंच टाकून पळ काढला. मी तात्यांना रागावले तेव्हा ते म्हणाले, “इच्यार चांगला व्हता बाई. रस्ता चुकला.”

खरी अडचण आली लिंबाच्या वस्तीवर. तिथला सगळ्यांत मोठा हौद नानांचा, आणि नाना माळकरी. सत्तरी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. मासे म्हटल्यावर त्यांनी कानांवर हात ठेवले.

“माज्या हौदात मासा? त्येच पानी देवाला घालू?”

मी समजावून थकले. तात्या शेजारी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सावकाश विचारलं, “नाना, देवाचा पयला अवतार कंचा वं?”

नानांनी गळ्यातली माळ चाचपली.

“सांगा की. तुमी रोज वाचताय.”

“मत्स्य,” नाना म्हणाले.

“मग देव दारात आलाय आन तुमी कडी लावून बसलाय.”

नाना उठून हौदाच्या कडेशी गेले. “पर त्यो किडं खातोय म्हंता. जीवहत्या न्हवं का?”

“त्येचं पाप त्येच्याकडं,” तात्या म्हणाले. “त्येला कुटं माळ घातलीया?”

मासे सोडले. पंधरवड्यानं मी गेले तर नाना सकाळी हौदाच्या कडेला हात जोडून उभे होते. पुढं पुढं त्यांच्या हौदातले मासे इतके वाढले की भोवतालच्या वस्त्यांना लागतील तसे मासे नानाच द्यायला लागले. देताना मात्र बजावायचे, “ह्येंला नावं ठिवू नगा. आन ह्येंच्यासमोर शिव्या दिऊ नगा.”

त्याच वर्षी, पावसाळा सरत आला असताना, ती दुपार आली. ठकूबाईच्या वस्तीवर सारिका नावाची सून होती, पावसाच्या तोंडावर कोकणातून परतलेली, सातवा महिना लागलेला. दोन दिवस ताप अंगावर काढला होता. मी पोचले तेव्हा ती भलतंच काहीतरी बडबडत होती, सासूलाही ओळखत नव्हती. गरोदरपणात हिवताप डोक्यात गेला तर काय होतं हे मला माहीत होतं. रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती, यायला वेळ लागणार होता. माझ्या स्कूटरवर तिला नेता येण्यासारखं नव्हतं आणि वस्तीवर दुसरं वाहन एकच होतं. तात्यांचा टँकर. अर्धा टँकर या वस्तीवर रिकामा झाला होता, उरलेलं पाणी लिंबाच्या वस्तीचं होतं आणि तिथं माणसं वाट बघत होती.

तात्यांनी सारिकेकडं एकदा बघितलं. “पानी हिंदकळतंय,” ते म्हणाले. “ह्येवढं वजन घिऊन चढ लवकर चढायचा न्हाई. आन आत बसलेल्या पोरीला हादरं बसतील.”

मागं जाऊन त्यांनी कॉक पूर्ण उघडला.

पाणी उताराला धावलं. बायका एक क्षण नुसत्या बघत राहिल्या. त्या माळावर असं वाहणारं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. मग ठकूबाई ओरडली, “बगताय काय, भरा,” आणि हाताला येईल त्यात सगळ्यांनी भरून घेतलं, तव्यात, पाटीत, लेकरांच्या दुधाच्या डब्यात. तरी बरंच वाहून गेलं. पाणी संपायची वाट न बघता तात्यांनी गाडी काढली. केबिनमध्ये सारिका, तिची सासू आणि मी. मागं पाणी सांडत होतं, रस्त्यावर ओली रेघ उमटत होती. म्हसवडपर्यंत तात्यांनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. सुपारीही तोंडात टाकली नाही.

दवाखान्यात लगेच सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी सारिकेनं सासूला हाक मारली. बाळाचे ठोके नीट होते. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तात्या पायरीवर बसले होते. त्यांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले, उठले, आणि पुन्हा खाली बसले.

“लिंबाच्या वस्तीवर माणसं बसली असतील, बाई,” ते म्हणाले. “उद्या तुमी माज्यासंगं चला. मला एकट्याला तोंड दाखवायला व्हायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी टँकरमध्ये बसून गेले. तात्यांनी चढावर हॉर्न वाजवला, पण दबकत. वस्ती आली. टिपाडं घासून रांगेत पालथी घातलेली होती. माणसं झाडाखाली बसली होती. तात्या पाठमोरे उतरले आणि या वेळी पटक्याला हातही न लावता वळले. नाना उठून पुढं आले.

“पोरगी कशी हाय?”

“बरी हाय. जीव वाचला दोगांचा.”

“मग लाव की पाइप,” नाना म्हणाले.

एवढंच. पाणी भरताना त्यांच्या सुनेनं मला सांगितलं की सारिकेची बातमी काल संध्याकाळीच पोचली होती आणि वस्तीनं ताकावर दिवस काढला. हौदात टीचभर पाणी उरलं होतं, पण नानांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. “म्हनले, मानसं बोलून दाखवत्यात. मासं कुनाला सांगतील?”

टँकरला जीपीएस बसवलेलं होतं, त्यामुळं तो ठरल्या वाटेनं गेला नाही हे तालुक्याच्या साहेबांना मोबाईलवर दिसलं होतं. तात्यांना फोन आला. मी शेजारीच होते. “व्हय सायेब,” ते शांतपणे म्हणाले, “टँकर दवाखान्यात गेला व्हता. त्येला बरं नव्हतं.” पलीकडचा माणूस बहुधा हसला असावा, कारण तात्याही हसले. नंतर त्यांनी सगळं खरं सांगितलं, आणि प्रकरण तिथंच मिटलं.

पुढच्या दोन पावसाळ्यांत आमच्या वस्त्यांवरचा ताप उतरत गेला. कोकणातून परतलेल्या प्रत्येक कुटुंबाला ठकूबाई आधी उपकेंद्राची वाट दाखवायची, घरात नंतर घ्यायची. रक्त द्यायला घाबरणाऱ्यांना तात्या स्वतःचं बोट पुढं करून दाखवायचे. अर्थात टोचताना ते डोळे मिटून घेत आणि हे मी कुणाला सांगू नये म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. सारिकेला मुलगी झाली. बारशाला तात्यांना पाळण्याची पहिली दोरी ओढायचा मान मिळाला. ते काम बायकांचं आहे अशी कुजबुज झाली, पण ठकूबाईनं डोळे वटारल्यावर थांबली.

मग कॅनॉलचं पाणी त्या भागात पोचलं. वस्त्यांना नळ आले, टँकर बंद झाला. माझीही बदली सांगलीकडं झाली होती. तात्यांना काम गेल्याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. फोनवर ते म्हणाले, “बाई, ज्या धंद्याची लोकांनी रोज वाट बघायची, त्यो बंद पडलेलाच बरा.” 

गेल्या हिवाळ्यात म्हसवडला सिद्धनाथाच्या रथयात्रेला गेले होते, तेव्हा वाकडी वाट करून त्यांच्या घरी गेले. घराला कुलूप नव्हतं, पण कुणी नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, दोघं रानात आहेत. माझ्या आठवणीतलं त्यांचं रान म्हणजे दगड आणि कुसळं. आता तिथं कांदा होता, आणि सऱ्यांमधून पाणी चाललं होतं. पारूकाकू बांधावर उभ्या होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तात्या बांधाला टेकून बसले होते. पटका डोळ्यांवर ओढलेला, तोंड जरासं उघडं. गाढ झोपले होते. दोन्ही पाय सरीत सोडलेले, घोट्यापर्यंत पाण्यात.

“पान्याची पाळी सकाळीच आली,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “पानी सरीत शिरंस्तवर ह्ये इकडनं तिकडं नुसते पळत हुते. मग बसले तितं, आन बसल्या बसल्या डोळा लागला. उठवू का?”

“नको,” मी म्हणाले.

काकूंनी खोऱ्यानं मातीचं ढेकूळ सरकवलं आणि पाणी पुढच्या सरीत वळवलं. तात्यांचे पाय होते ती सरी मात्र त्यांनी बंद केली नाही. तिथला कांदा केव्हाच भिजून झाला होता. मी थोडा वेळ उभी राहिले, काकूंनी ओच्यात घातलेले कांदे घेतले आणि आल्या वाटेनं निघाले. रस्त्याला लागताना मागं वळून बघितलं, तेव्हाही ते तसेच होते.